स्कूटरचा डळमळता स्लो : कारण शोधण्याची रीत

अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण सोडून गाडी जागेवर उभी असताना इंजिन ज्या किमान वेगाने स्वतःच्या बळावर फिरत राहते, त्या वेगाला आयडलिंग म्हणतात आणि जुन्नर, नारायणगाव, मंचर किंवा घोडेगाव येथील गॅरेजांत त्याचा उल्लेख बहुधा ‘स्लो’ असाच होतो. ११० ते १२५ सीसी क्षमतेच्या गिअरविरहित स्कूटरमध्ये हा वेग साधारणपणे मिनिटाला १,५०० ते १,८०० फेऱ्यांच्या दरम्यान ठरवलेला असतो. फोर-स्ट्रोक इंजिनात दर दोन फेऱ्यांमागे एकदाच इंधन पेटते. म्हणजे १,७०० फेऱ्यांच्या स्लोवर सेकंदाला सुमारे चौदा वेळाच सिलिंडरमध्ये ज्वलन होते आणि सिलिंडर एकच असल्यामुळे त्यांतले एखादे चुकले तर ती उणीव भरून काढायला दुसरा सिलिंडर नसतो. त्यातच या अवस्थेत हवेची वाट जवळजवळ बंद असते, पेट्रोलही अगदी थोडे येत असते, आणि मुळात थोड्या असलेल्या गोष्टीत झालेला लहानसा फरकही प्रमाणाने मोठा ठरतो. त्यामुळे ताशी चाळीस किलोमीटर वेगाने जाताना ज्या दोषाचा मागमूसही लागत नाही, तोच दोष नारायणगावच्या टोमॅटो बाजारातील रांगेत किंवा दूध संकलन केंद्रासमोर गाडी थांबताच उघडा पडतो : इंजिन धडधडते, आवाजाची लय तुटते, हँडल थरथरते आणि कधी कधी गाडी बंद पडते.

अशा वेळी सर्वांत सोपा आणि सर्वांत जास्त वापरला जाणारा उपाय म्हणजे स्लो स्क्रू फिरवून वेग वाढवणे होय. थ्रॉटल, म्हणजे हवेची वाट उघडझाप करणारी झडप, किती मिटावी याची मर्यादा हा स्क्रू ठरवतो. तो आवळला की झडप थोडी अधिक उघडी राहते, इंजिन जास्त वेगाने फिरते आणि बंद पडायचे थांबते. मात्र दोष जिथल्या तिथेच राहतो. एवढेच नव्हे, तर गिअरविरहित स्कूटरमध्ये या उपायाने नवा धोका उभा राहतो. अशा गाडीत इंजिन आणि मागचे चाक यांच्यामध्ये केंद्रोत्सारी क्लच असतो, म्हणजे इंजिनाचा वेग एका मर्यादेपलीकडे गेला की क्लच शू आपोआप बाहेर फेकले जातात, बाहेरच्या वाटीला जाऊन टेकतात आणि चाक फिरू लागते. स्लो वाढवत नेला तर हे शू अर्धवट टेकू लागतात, क्लच विनाकारण घासत राहतो, आणि ब्रेक सुटताच गाडी पुढे सरकते. आठवडे बाजाराच्या गर्दीत, समोर माणसे आणि हातगाड्या असताना, हे सरकणे अपघाताला पुरेसे असते. म्हणून निदान पूर्ण होईपर्यंत या स्क्रूला हात लावू नये, हा या लेखातील पहिला आणि सर्वांत आग्रहाचा सल्ला आहे.

जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांत वापरल्या जाणाऱ्या गाड्यांच्या बाबतीत परिसराचा विचार निदानात आधी करावा लागतो, कारण या दोन्ही तालुक्यांच्या एका टोकाला सह्याद्रीचा कडा आणि दुसऱ्या टोकाला कोरडा पठारी भाग आहे. नाणेघाट, आहुपे, भीमाशंकर या पश्चिमेकडच्या पट्ट्यात पावसाळ्याचे चार महिने हवा पाण्याने भरलेली असते. पूर्वेकडे मात्र शेतरस्त्यांवरचा मुरूम आणि माती उन्हाळाभर उडत राहते. जुन्नर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंचीवर आहे, तर भीमाशंकर सुमारे १,००० मीटर. ७०० मीटरवर हवेचा दाब समुद्रकाठच्या मानाने सुमारे आठ टक्क्यांनी आणि १,००० मीटरवर सुमारे अकरा टक्क्यांनी कमी असतो. या भागातील अनेक कुटुंबांचा एक पाय मुंबई-कल्याणात असतो. मुंबईतील डबेवाल्यांपैकी कित्येकांची मूळ गावे खेड, आंबेगाव आणि जुन्नर तालुक्यांतच आहेत. मुंबई-कल्याणात वर्षानुवर्षे चाललेली जुनी कार्बोरेटरची स्कूटर माळशेज घाट चढून गावी आणली जाते, तेव्हा तिच्या कार्बोरेटरमधून येणारे पेट्रोल जवळपास तेवढेच राहते, हवा मात्र विरळ झालेली असते. परिणामी मिश्रण तीन-चार टक्क्यांनी ‘रिच’ होते, म्हणजे हवेच्या तुलनेत पेट्रोल जास्त होते. निरोगी गाडी एवढा फरक सहज पचवते, पण ज्या गाडीचा एअर फिल्टर आधीच बुजलेला आहे तिचा स्लो याच फरकाने कोलमडतो.

याच्या उलट दिशेने काम करणारी दुसरी गोष्ट म्हणजे पेट्रोलमधील इथेनॉल. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट देशाने २०२५ मध्ये गाठले आणि आता सर्वसाधारण पंपावर मिळणारे पेट्रोल याच प्रकारचे असते. इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन असल्यामुळे त्याला जळण्यासाठी बाहेरची हवा कमी लागते : शुद्ध पेट्रोलच्या एका भागास वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते, तर २० टक्के मिश्रणाला सुमारे १३.५ भाग पुरते. जुन्या कार्बोरेटरच्या जेटची भोके शुद्ध किंवा अल्प इथेनॉल असलेल्या पेट्रोलसाठी आखलेली असल्याने त्या गाडीत मिश्रण ‘लीन’, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी असलेले, होण्याकडे झुकते. उंचीमुळे रिच आणि इथेनॉलमुळे लीन, असे दोन विरुद्ध ओढे एकाच कार्बोरेटरवर काम करत असल्याने ‘इकडच्या हवेत स्क्रू अमुक इतके आटे ठेवावा’ असा ठरीव नियम सांगणाऱ्यावर विसंबू नये. प्रत्येक गाडीचे निदान तिच्या लक्षणांवरूनच करावे लागते.

लक्षणे नोंदवणे ही खरी पहिली पायरी असून त्यासाठी पान्याची गरज नसते. इंजिन थंड असतानाच धडधडते की गरम झाल्यावर, पावसात भिजल्यावरच त्रास होतो की कोरड्या दिवशीही, घाट उतरून आल्यावर गाडी बंद पडते की सपाटीवरही, पेट्रोल भरल्यानंतर लगेच दोष सुरू झाला की हळूहळू वाढत गेला, या प्रश्नांची उत्तरे दोन-चार दिवस लक्ष ठेवून मिळवली तर कारणांची यादी निम्म्याने कमी होते. डिसेंबर-जानेवारीत पहाटे या भागात पारा दहा अंशांच्या आसपास उतरतो, तेव्हा थंड इंजिनाने मिनिटभर चाचपडणे स्वाभाविक आहे; तेवढ्यावरून गाडी नादुरुस्त ठरवू नये. थंड असताना नीट चालणारी आणि गरम झाल्यावर धडधडणारी गाडी मात्र व्हॉल्व्हच्या फटीकडे, चोक अडकल्याकडे किंवा इग्निशन कॉइलकडे बोट दाखवते. आणखी एक गोष्ट आधीच तपासून घ्यावी : थरथर इंजिनाच्या लयीतली आहे की केवळ सांगाड्याची. इंजिनाचा आवाज एकसारखा असून हँडल आणि पायाखालची फळी मात्र थरथरत असेल, तर इंजिन ज्या रबरी बुशांवर टांगलेले असते ते झिजलेले असण्याची शक्यता असते आणि अशा वेळी कार्बोरेटर कितीही धुतला तरी उपयोग होत नाही.

तपासणीचा क्रम हवा, पेट्रोल, ठिणगी, त्यानंतर कार्बोरेटर किंवा इंजेक्शन आणि सर्वांत शेवटी इंजिनाचे अंतर्भाग असा ठेवावा, कारण हा क्रम स्वस्ताकडून महागाकडे आणि सोप्याकडून अवघडाकडे जातो. काम मोकळ्या हवेत, मेन स्टँडवर आणि मागच्या चाकापासून माणसे दूर ठेवून करावे. धुरात कार्बन मोनॉक्साइड हा वास नसलेला विषारी वायू असतो, म्हणून बंद गोठ्यात किंवा पडवीत इंजिन चालू ठेवून तपासणी करणे जिवावर बेतू शकते.

एअर फिल्टरबाबत या भागात सावधगिरीची विशेष गरज आहे. आजच्या बहुतेक स्कूटरमध्ये कागदी फिल्टरला तेलाचा हात दिलेला असतो, जेणेकरून बारीक धूळ त्याला चिकटून राहावी. असा फिल्टर कॉम्प्रेसरच्या हवेने फुंकला की तेलाचा थर विस्कटतो आणि कागदाची छिद्रे मोठी होतात. तो वरून स्वच्छ दिसू लागतो पण धूळ अडवत नाही. म्हणून तो झटकून पुन्हा बसवण्याऐवजी बदलावा, आणि ज्यांची गाडी रोज शेतरस्त्याने जाते त्यांनी उत्पादकाने दिलेल्या अंतराच्या आधीच बदलावा. फिल्टरची पेटी उघडल्यावर तिच्या तळाशी असलेली छोटी पारदर्शक नळीही पाहावी. तिच्यात इंजिनातून आलेली तेलमिश्रित वाफ आणि पावसाचे पाणी साचते, ती भरली असेल तर टोकाचे बूच काढून रिकामी करावी. धान्याची पोती आणि पेंढा असलेल्या खोलीत गाडी उभी राहत असेल, तर या पेटीत उंदरांनी ओढून आणलेला भुसा, चिंध्या आणि कुरतडलेल्या कागदाचा चुरा सापडणे मुळीच दुर्मीळ नाही. उंदीर तिथवर पोहोचला असेल तर त्याने वायरींनाही दात लावलेले असतात, त्यामुळे सीटखालच्या आणि फळीखालच्या वायरी बोटाने चाचपून पाहाव्यात.

हवेचा दुसरा दोष याहून फसवा असतो. कार्बोरेटर आणि इंजिनाचे हेड यांना जोडणाऱ्या नळीचे रबर ऊन आणि उष्णता यांनी कालांतराने तडकते, आणि त्या तड्यातून न मोजलेली हवा आत ओढली जाते. स्लोवर आतली ओढ सर्वांत जास्त असल्याने परिणामही तेव्हाच जास्त दिसतो : वेग आपोआप चढतो-उतरतो, अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर इंजिन पटकन खाली येत नाही, सायलेन्सरमधून फटफट आवाज येतो. इंजिन चालू ठेवून या जोडावर ब्रशने साबणाचे पाणी लावावे. तडा असेल तर पाणी आत ओढले जाऊन क्षणभर इंजिनाचा आवाज बदलतो. हीच परीक्षा काही ठिकाणी पेट्रोल शिंपडून केली जाते, ती तापलेल्या इंजिनाजवळ आगीला निमंत्रण देणारी असल्याने कधीही करू नये.

पेट्रोलची तपासणी टाकीच्या झाकणापासून सुरू होते. टाकीतले पेट्रोल जसजसे संपते तसतशी तिथे हवा शिरावी यासाठी झाकणात बारीक छिद्र असते. ते मातीने बुजले तर टाकीत पोकळी निर्माण होते, पेट्रोल उतरेनासे होते आणि गाडी काही किलोमीटर चालून स्लोवर बंद पडू लागते. बंद पडताच झाकण उघडल्यावर ‘फुस्स’ असा आवाज आला आणि त्यानंतर गाडी पुन्हा व्यवस्थित चालली, तर निदान झाले. पेट्रोलशी संबंधित दुसरे कारण म्हणजे टाकी काठोकाठ भरण्याची सवय. भीमाशंकर किंवा नाणेघाटाकडे जाताना वाटेत पंप मिळणार नाही या काळजीने अनेक जण तसे करतात. परंतु २०१७ मध्ये देशभर लागू झालेल्या बीएस-४ मानकापासून गाड्यांत टाकीतील वाफ शोषणारा कोळशाचा डबा बसवलेला असतो, आणि टाकी ओसंडेपर्यंत भरली तर त्यात वाफेऐवजी पातळ पेट्रोल शिरते. तेथून ते थेट इंजिनाकडे ओढले गेल्याने पेट्रोल भरल्यानंतरचे पहिले काही किलोमीटर स्लो बिघडतो. टाकीच्या तोंडाखाली दोन बोटे जागा सोडली तर हा प्रश्न उद्भवत नाही.

पाणी हा पावसाळ्यातील मुख्य आरोपी आहे. इथेनॉल पाणी धरून ठेवते, आणि पाण्याचे प्रमाण ठराविक मर्यादेपलीकडे गेले की इथेनॉल व पाणी मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि तळाशी बसतात. इंजिनाकडे जाणारे इंधन तळातूनच घेतले जात असल्याने त्याला हेच मिश्रण आधी मिळते. महिनोन्‌महिने अर्ध्या टाकीवर उभी राहिलेली, यात्रेला किंवा सुट्टीलाच बाहेर निघणारी गाडी या दोषाला सहज बळी पडते. कार्बोरेटरच्या तळाशी फ्लोट चेंबर असतो, म्हणजे पेट्रोलचा ठराविक साठा राखणारी लहान वाटी. तिचा निचऱ्याचा स्क्रू सोडून थोडे पेट्रोल पारदर्शक बाटलीत घ्यावे आणि दहा मिनिटे स्थिर ठेवावे. पाणी असल्यास तळाशी वेगळा थर किंवा मण्यांसारखे थेंब दिसतात, कचरा असल्यास तपकिरी गाळ दिसतो. किरकोळ दुकानातून बाटलीने घेतलेले पेट्रोल टाकीत ओतण्याआधी हीच परीक्षा करावी.

काही कार्बोरेटरच्या स्कूटरमध्ये पेट्रोलचा कॉक हाताने चालणारा नसून इंजिनाच्या ओढीने उघडणारा असतो आणि त्याच्या आत रबराचा पातळ पडदा असतो. हा पडदा फाटला की ओढीच्या बारीक नळीतून पेट्रोल सरळ इंजिनात जाऊ लागते. स्लो जड होतो, काळा धूर आणि पेट्रोलचा वास येतो आणि कार्बोरेटर पुन्हा पुन्हा धुऊनही फरक पडत नाही. इंजिन बंद करून ती बारीक नळी कॉकपासून काढावी. नळीत पेट्रोल ओले दिसले तर पडदा फाटला आहे हे निश्चित समजावे, कारण त्या नळीत एरवी केवळ हवाच असायला हवी.

ठिणगीच्या तपासणीत स्पार्क प्लग हा सर्वांत बोलका साक्षीदार असतो. इंजिन थंड झाल्यावर प्लग काढून त्याच्या टोकाचा रंग उजेडात पाहावा. फिकट तपकिरी किंवा बदामी रंग निरोगी ज्वलनाचा असतो. कोरडी, मखमलीसारखी काळी काजळी मिश्रण रिच असल्याचे सांगते. चुन्यासारखा पांढरा रंग लीन मिश्रणाची किंवा अतिउष्णतेची शंका उत्पन्न करतो. आणि ओला, चकाकणारा तेलाचा थर पिस्टन रिंग किंवा व्हॉल्व्हच्या सीलमधून तेल वर येत असल्याचे दाखवतो. टोकांमधील अंतर गाडीच्या पुस्तिकेप्रमाणे असावे; बहुतेक स्कूटरमध्ये ते ०.६ ते ०.९ मिलिमीटरच्या दरम्यान असते आणि झिजून ते वाढले की दमट हवेत ठिणगी चुकू लागते. प्लग पुन्हा बसवताना पहिले आटे हातानेच घ्यावेत, कारण हेड अ‍ॅल्युमिनियमचे असते आणि तिरपा घुसवलेला प्लग त्याचे आटे कायमचे खराब करतो.

पश्चिम पट्ट्यातील पावसात पुष्कळदा प्लग निर्दोष असतो आणि दोष त्याच्या टोपीत किंवा वायरीत असतो. टोपीचे रबर तडकले की आत ओल शिरते आणि हजारो व्होल्टचा विद्युतप्रवाह प्लगच्या टोकाऐवजी जवळच्या धातूकडे उडी घेतो. हे पाहण्याची उत्तम वेळ अंधाराची : घराच्या अंगणात, दिवे मालवून, इंजिन स्लोवर ठेवून प्लगच्या दिशेने पाहिले असता टोपीभोवती किंवा वायरीच्या कडेने निळसर बारीक ठिणग्या नाचताना दिसतात आणि प्रत्येक ठिणगीबरोबर इंजिनाचा एक ठोका चुकतो. या वेळी वायरीला हात लावू नये. टोपी कोरड्या फडक्याने पुसून तात्पुरते काम भागते, परंतु तडकलेली टोपी बदलणे हाच उपाय होय आणि हा भाग कार्बोरेटर दुरुस्तीच्या मानाने फारच स्वस्त असतो.

एवढे सर्व निर्दोष ठरल्यावरच कार्बोरेटर उघडावा. २००१ मध्ये आलेली होंडा अ‍ॅक्टिवा, २००७ मधील सुझुकी अ‍ॅक्सेस, २०१३ मधील टीव्हीएस ज्युपिटर या आणि त्यांच्या समकालीन गाड्या बीएस-६ मानक १ एप्रिल २०२० पासून लागू होईपर्यंत प्रामुख्याने कार्बोरेटरवरच चालत होत्या आणि आजही गावोगावी दिसतात. स्लोवरचे पेट्रोल पायलट जेट नावाच्या वेगळ्या, केसासारख्या बारीक भोकातून येते. गाडी वेगात नीट चालते पण स्लोवर मरते, याचे सर्वांत सामान्य कारण हे भोक बुजणे हेच असते. ते कार्बोरेटर क्लीनर आणि हवेच्या झोताने मोकळे करावे. तार किंवा टाचणी घातल्यास पितळ खरवडले जाऊन भोक मोठे होते आणि मग त्या जेटला बदलण्यावाचून गत्यंतर उरत नाही. चोक, म्हणजे थंड इंजिनाला जादा पेट्रोल देणारी व्यवस्था, पूर्ण मागे जाते की नाही हेही याच वेळी पाहावे, कारण अर्धवट अडकलेला चोक सतत रिच मिश्रण देत राहतो.

मिश्रणाचा स्क्रू जुळवण्याची रीत पुढीलप्रमाणे असावी. गाडी दहा-पंधरा मिनिटे चालवून इंजिन पूर्ण गरम करावे. इंजिन बंद करून स्क्रू हलक्या हाताने तळाला टेकेपर्यंत किती आटे आत जातो ते मोजून लिहून ठेवावे आणि तो पुन्हा तेवढाच बाहेर काढावा. टेकल्यानंतर जोर लावला तर त्याची अणकुची दबते. मग इंजिन सुरू करून स्क्रू पाव आट्याने आत-बाहेर करत, प्रत्येक वेळी थोडे थांबत, इंजिन ज्या जागी सर्वांत वेगाने आणि एकसारखे फिरते ती जागा शोधावी. ती सापडल्यावरच, आणि त्याआधी मुळीच नाही, स्लो स्क्रूने वेग पुस्तिकेतील आकड्यावर आणावा. स्क्रू कार्बोरेटरच्या इंजिनाकडील बाजूस असेल तर तो पेट्रोलचे नियंत्रण करतो आणि बाहेर काढल्यावर मिश्रण रिच होते; तो एअर फिल्टरच्या बाजूस असेल तर हवेचे नियंत्रण करतो आणि बाहेर काढल्यावर लीन होते. हा भेद न जाणता केलेले ट्यूनिंग योगायोगानेच जुळते.

बीएस-६ गाड्यांत कार्बोरेटरच नसतो. टाकीतला पंप पेट्रोल दाबाखाली पाठवतो, इंजेक्टर ते फवारतो आणि किती फवारायचे हे इसीएम नावाचा छोटा संगणक हवेचा दाब, इंजिनाचे तापमान आणि धुरातील ऑक्सिजन पाहून ठरवतो. माळशेज चढून आल्याचा किंवा इथेनॉलचा फरक ही व्यवस्था बऱ्याच अंशी स्वतःच भरून काढते. तिच्या बिघाडाची कारणे वेगळी असतात आणि त्यांत सर्वांत दुर्लक्षित कारण म्हणजे अशक्त बॅटरी होय. पंप, इंजेक्टर आणि इसीएम तिन्ही विजेवर चालत असल्याने व्होल्टेज घसरले की फवारा अपुरा पडतो. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर सुमारे १२.५ व्होल्ट आणि इंजिन थोडे वाढवल्यावर साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट मिळायला हवेत. साध्या मल्टिमीटरने हे कोणालाही पाहता येते. बॅटरीची टोके गंजली असतील तर आकडा ठीक येऊनही त्रास होतो, म्हणून ती घासून घट्ट करावीत. चावी फिरवल्यावर पंपाचा दोनेक सेकंदांचा घूं असा आवाज यावा आणि इंजिन सुरू झाल्यावर मीटरवरचा पिवळा दिवा विझावा. तो पेटता राहिला किंवा लुकलुकू लागला तर इसीएमने दोष नोंदवलेला असतो. होंडाच्या पद्धतीत लांब लुकलुक दहा आणि आखूड लुकलुक एक मोजून दोषाचा क्रमांक काढता येतो, इतरत्र निदान यंत्र जोडावे लागते. दिवा पेटत नसूनही स्लो डळमळत असेल तर थ्रॉटल बॉडीच्या झडपेवर आणि स्लोची हवा नियंत्रित करणाऱ्या छोट्या व्हॉल्व्हमध्ये जमलेला कार्बन साफ करून घ्यावा. थ्रॉटलचा स्क्रू कारखान्यात जुळवलेला असतो. तो फिरवला की संगणकाचा शून्यबिंदूच चुकतो. त्याचप्रमाणे पंपाची नळी दाबाखाली असल्याने ती घरी सोडू नये.

दोन्ही प्रकारच्या गाड्यांना समान असलेला शेवटचा संशयित म्हणजे व्हॉल्व्हची फट, जिला गॅरेजात टॅपेट म्हणतात. व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा भाग यांच्यामध्ये मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास जागा ठेवलेली असते, कारण गरम झाल्यावर धातू लांबतो. ही जागा संपली की गरम इंजिनात व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, दाब गळतो आणि स्लो कोसळतो. आवाज करणाऱ्या टॅपेटकडे सर्वांचे लक्ष जाते, घट्ट झालेली टॅपेट मात्र शांत असते. धोकादायक तीच आहे, कारण न मिटणारा व्हॉल्व्ह पुढे जळतो आणि हेडचे मोठे काम निघते. मोजमाप रात्रभर थंड झालेल्या इंजिनावर फिलर गेजने करावे आणि सकाळी गॅरेजपर्यंत गाडी चालवत नेऊन लगेच टॅपेट जुळवून घेऊ नये.

निदानात उपयोगी पडणारा आणि क्वचितच वाचला जाणारा एक कागद प्रत्येक वाहनधारकाकडे असतो, तो म्हणजे पीयूसी प्रमाणपत्र. पेट्रोलवरील दुचाकीची ही चाचणी स्लोवरच होते आणि तिच्यात कार्बन मोनॉक्साइडचे टक्के व न जळलेल्या हायड्रोकार्बनचे प्रमाण असे दोन आकडे छापले जातात. कार्बन मोनॉक्साइड मर्यादेजवळ किंवा वर असेल तर मिश्रण रिच आहे. तो कमी असून हायड्रोकार्बन वाढलेले असतील तर मिश्रण लीन होऊन किंवा ठिणगी चुकून पेट्रोल न जळताच बाहेर पडत आहे. मागच्या आणि या वेळच्या प्रमाणपत्रांतील आकडे शेजारी ठेवले तर दोष केव्हापासून वाढतो आहे हेही कळते. गॅरेजमध्ये जाताना ही दोन प्रमाणपत्रे आणि लक्षणांची नोंद सोबत न्यावी, ‘ट्यूनिंग करून द्या’ एवढेच सांगू नये, आणि बदललेले जुने भाग परत मागून घ्यावेत.

या तालुक्यांसाठी एक सूचना यंत्राच्या पलीकडची आहे. जुन्नर आणि आंबेगावचा ऊसपट्टा बिबट्यांचा वावर असलेला आहे, आणि प्लग काढणे, नळी तपासणे, कार्बोरेटरचा निचरा करणे ही सर्व कामे माणूस उकिडवा बसून किंवा वाकून करतो. बसलेला अथवा वाकलेला माणूस बिबट्याला उभ्या माणसापेक्षा सहज सावज वाटू शकतो. म्हणून रात्री किंवा पहाटे उसाच्या कडेला गाडी बंद पडली तर तेथे दुरुस्ती सुरू करू नये. दोन-तीनदा सेल्फ मारूनही सुरू झाली नाही तर टॉर्च लावून, उभ्यानेच, मोठ्याने बोलत किंवा मोबाइलवर गाणी लावून गाडी ढकलत जवळच्या उजेडाच्या वस्तीपर्यंत न्यावी, घरी फोन करून ठिकाण कळवावे, आणि बिबट्या दिसल्यास वन विभागाच्या १९२६ या मदत क्रमांकावर संपर्क साधावा.